अभिमन कोठे शे

अठ्ठ्याण्णव सालचा उन्हाळा. अक्षय्य तृतीयेची आखाजी होऊन गेली तरी चिंचवणच्या लिंबांना झोके तसेच लोंबत होते. माहेरपणाला आलेल्या लेकी यंदा सण उरकून लगेच सासरी परतल्या होत्या. माहेरात प्यायला पाणी नाही, तर राहायचं कसं? गावची विहीर आटली होती, आणि तिच्या तळात, डोक्यावर ऊन आलेलं असताना, कुंदाबाई उकिडवी बसून दोन्ही हातांनी पहार धरून होती. समोर तिचा सासरा चुडामण घण उचलत होता.

घण पहारीच्या डोक्यावर पडला की कुंदानं पहार जराशी फिरवायची. पुन्हा घण, पुन्हा फिरवायची. काळ्या पाषाणात असं हातभर भोक पडलं की त्यात दारूचा तोटा ठासून सुरुंग लावायचा. घण निसटला तर मनगट गेलंच. कुंदा घणाकडे बघत नसे, सासऱ्याच्या पायांकडे बघे. पाय रोवलेले असले म्हणजे घाव सरळ येतो, हे तिला आता कळलं होतं.

वर काठाशी बाया वाकून बघत. उपसरपंच भाईदासची बायको बेबाबाई तर मुद्दाम खाली ऐकू जाईल असं बोले.

"बाईमानूस विहिरमा उतरनं, आते पानी कसानं लागस?"

कुंदाच्या जागी खरं तर तिचा नवरा अभिमन हवा होता. चुडामणच्या घरात वाडवडिलांपासून विहिरी खोदायचं काम. शिरपूरपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत त्यांच्या हातच्या विहिरी होत्या. अभिमन त्याच कामात तयार झाला, आणि हात खडकात मुरलेले म्हणून फौजेनं त्याला इंजिनियर पलटणीत घेतलं. संक्रांतीला सुट्टीवर आला तेव्हा तो बापाला म्हणाला होता, आखाजीला येतो, गावची विहीर आपण दोघं खोल करू. त्या शब्दावर चुडामणनं ग्रामपंचायतीचं काम अंगावर घेतलं. आखाजी आली आणि गेली. अभिमन आला नाही, की त्याची काही खबर आली नाही.

अभिमनच्याच पलटणीतला निंबा नावाचा जवान शेजारच्या गावी सुट्टीवर आला, हे कळताच अभिमनची आई केसरबाई उन्हातान्हात चालत त्याच्या घरी गेली. निंबा बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "मावशी, अभिमन पलटनमा नही शे. होळीपासून मी त्याले देखं नही. कोठे धाडं, कोनीच सांगत नही."

केसरबाई तोंड मिटून परत आली. पण निंबानं हे बोलताना तिथं आणखी दोघं-तिघं बसले होते. संध्याकाळपर्यंत चिंचवणमध्ये एकच चर्चा झाली, अभिमन फौजेतून पळाला.

दुसऱ्या दिवशी भाईदास स्वतः विहिरीवर आला. टोपी सारखी करत काठावर उभा राहिला आणि खाली ओरडला, "नाना, तुमना आंडोर फौजमाईन पळी गया, अन् तुम्ही सूनले विहिरमा उतारी दिनं. गावनी लाज शे का काही? लवकर पानी लागनं नही तं मी शिरपूरनं बोरिंगनं मशीन बलावसू."

सुरुंगाच्या आवाजांनी चुडामणचे कान अर्धे गेले होते. मशीनचं त्याला ऐकू आलं नाही. 'पळी गया' तेवढं बरोबर ऐकू आलं. त्यानं घण उचलला तो पाय न रोवताच. घण पहारीच्या डोक्यावरून घसरला आणि कुंदाच्या कोपराखालची कातडी सोलत गेला. कुंदानं ओठ दाबले. रक्त पुसायला पदराचं टोक लावलं आणि पहार पुन्हा धरली.

"मामा," ती मोठ्यानं म्हणाली, "पाय रोवा."

चुडामणनं तिच्या हाताकडे बघितलं. घण खाली ठेवला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, आणि बराच वेळ ते ओलं तोंड तसंच झाकून उभा राहिला.

नंतर आली बुद्धपौर्णिमा. विहिरीपासून जवळच बौद्धवाड्यातलं विहार होतं. प्राथमिक शाळेचे आधार गुरुजी तिथं सकाळपासून राबत होते. संध्याकाळी त्यांनी गावातल्या सगळ्यांना खिरीला बोलावलं होतं. त्या दिवशी सुरुंग उडवून, दगड वर ओढून झाल्यावर चुडामण आणि कुंदा बाहेर आले. दोघांच्या भुवयांवर, पापण्यांवर पांढरी पूड बसलेली. गुरुजींनी दोघांना हाक मारली, कुंदाच्या हातात खिरीची वाटी दिली, चुडामणला द्रोण दिला.

खिडकीत रेडिओ लागलेला होता. बातम्या सुरू झाल्या आणि गुरुजींच्या हातातली पळी मध्येच थांबली. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. बातमी संपेपर्यंत विहारात फक्त पातेल्याखालची लाकडं तडतडत होती.

"काय म्हने रेडू?" चुडामणनं विचारलं.

गुरुजी त्याच्या कानाशी वाकले. "नाना, आपण अणुबॉम्ब फोडले. राजस्थानात, पोखरणला. एकाच दिवशी तीन! जमिनीखाली!"

"जमीनखाले कसा फोडतस?"

"खोल विहिरी खणायच्या. तळाशी बॉम्ब ठेवायचा, वरून वाळू टाकून विहीर भरून काढायची, आणि मग उडवायचा."

चुडामणचं खीर खाणारं तोंड थांबलं. संक्रांतीच्या सुट्टीत, ओट्यावर बसलेल्या अभिमननं त्याला विचारलं होतं, आबा, जमीन वाळूची असली आणि विहीर फार खोल असली, तर काठ ढासळू नये म्हणून काय करतात? चुडामणनं ते सगळं नीट सांगितलं होतं. मग पोरानं दुसरा सवाल टाकला होता, आणि पाणी लागलं तर ते थांबवतात कसं? त्यावर चुडामण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता. विहिरीला पाणी लागावं म्हणून आपली हयात गेली, आणि हा थांबवायला निघाला! अभिमनही हसला होता आणि त्यानं बैलांचा विषय काढला होता.

"कुंदा!" चुडामण ओरडला. सुनेला कधी हात न लावणारा तो माणूस, त्यानं तिचं मनगट धरलं. "कुंदा, त्याले पानी नको व्हतं! कोरडी विहीर पाहिजे व्हती त्याले, कोरडी!"

"मामा, काय बोली ऱ्हायनात?"

"मना अभिमन तठे शे! बठ्ठा म्हनेत पळना, पळना. पोऱ्या विहीर खोदी राहिंता तठे!"

कुंदाच्या अंगावर सरसरून काटा आला. तिला संक्रांतीचा दुसरा एक दिवस आठवला. नवऱ्याचा बिस्तरा झटकताना बारीक पिवळी वाळू निघाली होती, आणि ती कुठली म्हणून विचारल्यावर तो म्हणाला होता, रस्त्याची. असली वाळू तिनं ना तापीत बघितली होती, ना अनेरमध्ये. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिनं तोंडात पदर धरला.

मग गावात जे झालं ते चिंचवणनं कधी बघितलं नव्हतं. कुणाच्या तरी लग्नातले उरलेले फटाके बाहेर आले. पाड्यावरचे पावरा आदिवासी गडी मजुरीला आले होते, त्यांनी ढोल काढले. पोरं रस्त्यानं 'पोखरण, पोखरण' ओरडत पळाली. भाईदास धावत आला, गुरुजींना दोन-दोनदा विचारून खात्री करून घेतली, विहिरीवरची पूड अंगावर असलेल्या चुडामणला त्यानं तसंच मिठीत घेतलं आणि स्वतःचा सदरा पांढरा करून घेतला. बुधवारी आणखी दोन फोडल्याची बातमी आली तेव्हा त्यानं शिरपूरहून पेढे आणले, पारावर सगळ्यांसमोर चुडामणच्या डोक्याला केशरी फेटा बांधला.

"चिंचवणना पोऱ्यानी बॉमनी विहीर खोदी," तो म्हणाला, "अन् हाऊ त्याना बाप."

चुडामण रोज थोडा थोडा वाढत गेला. पहिल्या दिवशी तो म्हणाला, अभिमन तिथं आहे. दोन दिवसांनी म्हणाला, विहीर अभिमननंच खोदली. आठवडी बाजारात चहा पिता पिता सांगू लागला की कशी खोदायची ते आपणच सांगितलं. फेटा तो विहिरीवरही घालून येई. उतरण्यापूर्वी काढून काठावर दगडाखाली ठेवी.

कुंदाच्या वाट्यालाही ते सुख आलं. नदीच्या पात्रातल्या झिऱ्यावर बाया तिला रांगेत पुढे घेऊ लागल्या. बेबाबाईनं तर तिची घागर स्वतः भरून दिली. कुंदा डोक्यावर घागर घेऊन चाले तेव्हा तिची मान आपोआप ताठ होई. पहार धरताना आता हात दुखत नसत. घणाच्या प्रत्येक घावाबरोबर ती मनातल्या मनात नवऱ्याचं नाव घेई. पण एक गोष्ट तिला खात होती. तिनं गुरुजींना गाठून विचारलं, "गुरुजी, जो मानूस जवळ व्हता त्याले काही व्हस का?"

"स्फोट जमिनीच्या पोटातच राहिला तर काही होत नाही म्हणतात," गुरुजी म्हणाले.

'म्हणतात' हा शब्द घेऊन कुंदा घरी आली.

गुरुजी स्वतः आनंदात होते, आणि तरी कुठं तरी अडखळत होते. बुद्धाच्या दिवशीच ही बातमी यावी, हे त्यांना गिळता येत नव्हतं आणि टाकताही येत नव्हतं. एकदा ते चुडामणच्या ओट्यावर बसले असताना केसरबाईनं त्यांना विचारलं, "गुरुजी, आते हाऊ बॉम कोनावर टाकतीन?"

"कोणावरच नाही, मावशी."

"फोडाना नही तं करा कसाले?"

"फोडायची वेळ येऊ नये म्हणून. आपल्याजवळ आहे हे कळलं की समोरचा दहादा विचार करतो."

केसरबाईनं मान हलवली आणि भाकरी थापायला गेली. पहिल्या बातमीला दोन आठवडे उलटले. मग एका संध्याकाळी बातमी आली की पाकिस्ताननंही बॉम्ब फोडले, तेही डोंगराच्या पोटात. पारावर एकदम आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं आता लढाई, कुणी म्हणालं आपले मोठे, त्यांचे लहान. केसरबाई डोक्यावर सरपण घेऊन चालली होती. ती थांबली.

"म्हंजे बांधना इकडे आपला सुरुंग भरेल, तिकडे त्यास्ना भरेल," ती गुरुजींना म्हणाली, "अन् दोन्हीजन वात धरीसन बठेल शेतस."

"वात पेटवायची नाही, मावशी. पेटवता येते एवढंच दाखवायचं."

"अन् मधमा कोनाले खोकला उना तं?"

पारावरचे लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. ते तिच्या डोक्यावरच्या मोळीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं अभिमन आला. कुणाला न कळवता. फाट्यावर उतरला, बिस्तरा खांद्यावर टाकला आणि वावरातल्या पायवाटेनं घरी आला, म्हणून गावाला तो दिसला नाही. केसरबाईनं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. चुडामणला खाटेवरून उठवेना. तो बसल्या बसल्याच पोराचे गुडघे धरून म्हणाला, "वाघ! मना वाघ! बठ्ठा गावले सांगी दिनं मी!"

"काय सांगं, आबा?"

"पोखरण! विहीर!"

अभिमन वाळला होता, उन्हानं काळा पडला होता. त्या काळ्या तोंडावरचा रंग उतरलेला कुंदानं बघितला. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"तुले कोनी सांगं?"

"कोनी सांगाले कसाले पाहिजे? तूच इचारं ना संक्रांतले! वाळूनी विहीर, पानी थांबाडानं…"

"मी विहिरबद्दल इचारं. तठलं नाव लिधं का मी?" अभिमनचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. त्यानं उठून दार लावलं. "आबा, मी तुले काहीच सांगत नही. तू फक्त समजी ले. समज, एक मानूस शे. त्याले सांगेल शे की माय, बाप, बायको, देव, कोनालेच सांगानं नही. कोन कोठे व्हतं, काय करे, हाई समजनं तं दुश्मनले बी समजी. त्या मानूसनं नाव पेपरमा छापी उनं, तं त्याले धरी लई जातीन. त्यानी भाकर गयी, अन् इज्जत बी गयी."

मग केसरबाई हळूच म्हणाली, "भाईदास काल धुळाले गया. पेपरवाला लईसन सकाळे येवाव शे. फोटूसुद्धा काढतीन म्हने."

चुडामणनं खुंटीवरच्या केशरी फेट्याकडे बघितलं. आतापर्यंत त्याला वाटत होतं की आपण पोराचं नाव मोठं केलं. तो उठला, गोठ्यात गेला आणि म्हशीजवळ उभा राहिला.

"मी निंघी जास," अभिमन म्हणाला. "पहाटनी गाडीवर."

"अन् गाव काय म्हनी?" कुंदा पहिल्यांदाच बोलली. "परत पळना, म्हनी. जावानं नही."

ती त्याच्यासमोर बसली. "माले काही सांगू नका. फक्त आंगले काही व्हयनं तं नही ना, तेवढं सांगा."

अभिमननं दोन्ही पंजे तिच्यासमोर उघडे धरले. कातडी सोलून पुन्हा आलेली, तळव्यांना दगडासारखे घट्टे. "उन्हनं शे. बस, दुसरं काही नही."

कुंदानं ते पंजे हातात घेऊन नीट चाचपले. तेव्हा त्याला तिचे तळवे लागले. त्यानं ते उलटे केले. कोपराखालची खपली बघितली.

"हाई काय?"

"तुमनी पहार धरी मी."

घरी आल्यापासून अभिमन पहिल्यांदा हसला.

सकाळी चुडामण, अभिमन आणि कुंदा तिघंही विहिरीवर गेले. फेटा चुडामणनं आजही घातला होता, आणि नेहमीप्रमाणे काढून दगडाखाली ठेवला होता. दगड वर ओढणारी यारी चालवणारा झिपरू अभिमनला बघून इंजिन बंद करून उडी मारून आला, त्याच्या गळ्यात पडला. अर्ध्या घटकेत गाव जमलं. कुंदा आता वर थांबली. बाप-लेक खाली उतरले, आणि घणाचा आवाज असा एकसारखा येऊ लागला की काठावरची माणसं माना डोलवायला लागली.

ऊन चढायच्या आत जीप आली. पुढे भाईदास, कडक इस्त्रीचे कपडे, कपाळाला गंध. मागे धुळ्याचा पेपरवाला, तरुण, चष्मेवाला, आणि त्याच्याबरोबर कॅमेरा गळ्यात घातलेला एक जण. अभिमनला वर बोलावलं. तो बनियनवर, पूड माखलेला, लोखंडी टोपलीत उभा राहून यारीनं वर आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"पोखरणला आपण नेमकं काय काम केलं?" पेपरवाल्यानं विचारलं.

"मी…" अभिमनला खोटं बोलता येत नसे. लहानपणी चोरून जांभळं खाल्ली तरी तो आपणहून जीभ दाखवी. "मी तठे नव्हतू."

गर्दी कुजबुजली. "लाजू नको रे!" भाईदास म्हणाला.

"मग होळीपासून कुठे होतात? तुमच्याच पलटणीचे लोक म्हणतात, तुम्ही पलटणीत नव्हता."

अभिमन हातावरची पूड झटकत राहिला. कॅमेरावाला एक पाऊल मागे सरकला, त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. कुंदा काही विचार न करता नवऱ्याच्या पुढे जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात विहिरीतून ओरडणं ऐकू आलं. चुडामण टोपलीची वाट न बघता दोराला धरून, कपारीत पाय रोवत वर चढत होता. काठावर आला तेव्हा त्याची छाती भात्यासारखी हलत होती.

"ओ पेपरवाला भाऊ! त्याले काय इचारतस? माले इचारा. थापा मी मारेल शेतस."

"आबा…" अभिमन म्हणाला.

"तू चूप!" चुडामण बहिरी माणसं बोलतात तसा गावभर ऐकू जाईल एवढ्यानं बोलत होता. "पोऱ्या लंगरमा व्हता. लंगर म्हंजे फौजनी खानावळ! पलटनमाईन काढं त्याले अन् दुसरा गावले लंगरमा टाकं. कांदा सोले तो! होळीपासून कांदा! आंडोर कांदा सोलस, हाई गावले कसं सांगू? माले लाज वाटनी. म्हनीसन बॉमनी थाप ठोकी दिनी."

मग बेबाबाई फिसकन हसली. तिच्यामागून पोरं हसली, मग बाया, मग सगळं गाव. झिपरूसुद्धा तोंड फिरवून हसला. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली केला. भाईदासचं तोंड लालबुंद झालं.

"डोकरा! धुळाथून लोके आनात मी! मनी इज्जत गयी. पारवर फेटा बांधा तुले!"

चुडामण वाकला. दगड बाजूला केला, फेटा उचलला, त्यावरची पूड हातानं झटकली आणि दोन्ही हातांनी भाईदासपुढे धरला. भाईदासनं तो ओढून घेतला.

पेपरवाला मात्र सहज सुटणारा नव्हता. त्यानं गर्दीत गुरुजींना हेरलं. "गुरुजी, तुम्ही शिकलेले आहात. खरं काय ते तुम्ही सांगा."

गुरुजी रोज सकाळी पंचशील म्हणत, आणि खोटं बोलणार नाही हे त्यातलं एक शील ते पाळत, हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. गुरुजींनी चुडामणकडे बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे गुरुजींवरून हलत नव्हते.

"मी एवढंच सांगू शकतो," गुरुजी सावकाश म्हणाले, "की पोखरणला कोण होतं, हे या गावात कोणालाही ठाऊक नाही."

"कांद्यासाठी इतक्या लांब आलो," पेपरवाला कॅमेरावाल्याला म्हणाला. जीप धुरळा उडवत गेली. गर्दी पांगली. जाता जाता कुणीतरी ओरडलं, "नाना, कांदाभजी कधळ करतस?" आणि पुन्हा हशा झाला.

चुडामण पुन्हा विहिरीत उतरला, अभिमन त्याच्या मागे. कुंदानं वरून वाकून बघितलं. तळाशी सासरा दगडावर बसला होता आणि त्याचं सगळं अंग हलत होतं. तिला वाटलं रडतोय. अभिमनलाही तसंच वाटलं असावं. तो बापाच्या पायाशी बसला, म्हणाला, "आबा, मनासाठे तू…"

"चूप!" चुडामणनं मान वर केली. तो हसत होता. दात नसलेलं तोंड भरून, खांदे उडवत, आवाज न काढता हसत होता. "कांदा! कसं सुचनं माले? कसं म्हनं मी? आजथून कोनी बी इचारं, तं कांदा. तुना साहेब इचारी तरी कांदा!"

त्यानं घण उचलला. पाय रोवले. अभिमननं पहार धरली.

म्हाताऱ्याच्या अंगात त्या दिवसापासून काय संचारलं कोण जाणे. सुट्टी संपेपर्यंत बाप-लेकांनी विहीर सोडली नाही. भाकर खाली जाई, पाणी खाली जाई, आणि वर दगडांमागून दगड येत. लोक चिडवत, चुडामण खालून उत्तर देई. एका दिवशी सुरुंग उडाले, धूर निवळला, आणि अभिमन तळाशी उतरला तो वर आवाजच येईना. कुंदानं हाक मारली. काही नाही. ती ओणवी झाली. खाली नवरा गुडघ्यावर बसून कपारीला कान लावून होता. मग त्यानं वर बघून हात हलवला, आणि त्याच्या हातावरून काहीतरी चमकत ओघळलं.

"पानी!" कुंदा किंचाळली. "मामा, पानी लागनं! पानी!"

झिपरूनं रेल्वेच्या इंजिननं वाजवावी तशी जिभेखाली बोटं घालून शिटी मारली. गाव पुन्हा धावत आलं. भांडी, घागरी, बादल्या, म्हातारी माणसं काठ्या टेकत. पाणी गढूळ होतं, पांढुरकं होतं, तरी पोरांनी ते तोंडावर मारून घेतलं. भाईदास पुढे येऊन उभा राहिला. त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि दोर ओढायला लागला. केसरबाईनं विहिरीला हळदकुंकू वाहिलं. आधार गुरुजींनी ओंजळभर पाणी घेतलं, अभिमनकडे बघून ती ओंजळ कपाळाशी नेली, मग प्याले. अभिमननं मान खाली घातली.

बेबाबाईला आपली घागर मध्ये घुसवायला जागा मिळेना. तिनं दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "ओ कांदावाला नाना! मना दोर सोडा ना जरा!"

केसरबाईचा चेहरा उतरला. अभिमन दोन पावलं पुढे झाला, काहीतरी बोलणार होता. कुंदानं त्याचा हात धरला.

गर्दीच्या पलीकडून, ओल्या धोतरानं, छाती पुढे काढून चुडामण येत होता. एवढ्या गलक्यात त्याच्याइतकं खूश कुणीच दिसत नव्हतं.

"ओ! उनू, उनू!" तो ओरडला. "कांदावाला उना, वाट सोडा!"